उसनं शहाणपण

डोळ्यांचं हॉस्पिटल आणि बर्गरचं दुकान यांचा एकमेकांशी काडीचाही संबंध नाही, असं कुणीही म्हणेल. मदुराईच्या डॉ. गोविंदप्पा वेंकटस्वामींना तो दिसला. सरकारी नोकरीतून निवृत्त झाल्यावर, १९७६ साली, वयाच्या ५८व्या वर्षी त्यांनी भावंडांना हाताशी धरून ११ खाटांचं ‘अरविंद’ नेत्र रुग्णालय सुरू केलं. ऐन तारुण्यात संधिवाताने त्यांच्या हातांची बोटं वाकडी झाली होती. त्याच बोटांनी नाजूक हत्यारं धरायला ते नव्याने शिकले होते. मोतीबिंदूमुळे दृष्टी गेलेली माणसं देशात लाखांनी होती. शस्त्रक्रिया ठाऊक होती, खात्रीची होती. घोडं अडत होतं ते संख्येपाशी. एक डॉक्टर दिवसभरात किती डोळे करणार? आणि ज्याच्याकडे मदुराईपर्यंत यायला एसटीचे पैसे नाहीत, त्याचे कसे करणार?

अमेरिकेत वेंकटस्वामींनी मॅकडोनाल्ड्स पाहिलं. बाकीच्यांना तिथे खाण्याचे पदार्थ दिसतात, यांना कामाची मांडणी दिसली. फार न शिकलेली तरुण पोरं, प्रत्येकाला नेमून दिलेलं काम, ठरलेला क्रम, आणि कुठल्याही गावच्या दुकानात शिरलं तरी तोच माल, तीच चव. डोळ्याची शस्त्रक्रिया अशी का होऊ नये, हा प्रश्न मग त्यांनी सोडलाच नाही.

‘अरविंद’च्या शस्त्रक्रियागृहात त्याचं उत्तर डोळ्यांनी पाहता येतं. दोन टेबलं शेजारी शेजारी मांडलेली असतात. एका टेबलावर डॉक्टरांचं काम चालू असताना दुसऱ्यावर पुढचा रुग्ण तयार होऊन पडलेला असतो. पहिली शस्त्रक्रिया आटोपली की सूक्ष्मदर्शक दुसऱ्या टेबलावर वळतो, डॉक्टर वळतात, काम सुरू. तेवढ्यात पहिल्या टेबलावरचा रुग्ण उठवून तिसऱ्याला तिथे आणलं जातं. डोळे तपासणं, रुग्णाची तयारी करणं, हत्यारं हातात देणं, नंतरची काळजी घेणं ही सगळी कामं आजूबाजूच्या खेड्यांतून निवडून शिकवून तयार केलेल्या मुली करतात. डॉक्टरच्या वाट्याला तेवढंच काम उरतं, जे डॉक्टरशिवाय कुणाला जमणार नाही. परिणामी इथला शल्यविशारद वर्षाला इतर ठिकाणच्या कितीतरी पट शस्त्रक्रिया करतो, आणि पैसे देणाऱ्या रुग्णांच्या जोरावर निम्म्याहून अधिक रुग्णांवर मोफत किंवा नाममात्र खर्चात उपचार होतात. पुढे डोळ्यात बसवायची भिंगं परदेशातून आणणं परवडेना, तेव्हा १९९२ मध्ये ‘ऑरोलॅब’ हा कारखानाच काढला. शंभर डॉलरच्या घरात जाणारं भिंग तिथे दहा डॉलरच्या आसपास तयार होऊ लागलं.

या गोष्टीत नवं काय आहे? शस्त्रक्रिया जुनी. कामाची वाटणी कारखानदारीइतकी जुनी. नवं आहे ते एका धंद्यातली चीज दुसऱ्या धंद्यात नेऊन बसवणं. ‘कल्पक माणूस’ म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर अचानक डोक्यात प्रकाश पडलेला कुणी प्रतिभावंत येतो. कामधंद्याच्या इतिहासात असे लोक शोधायला गेलं तर फार थोडे सापडतात. उसनवारी करणारे मात्र पैशाला पासरी सापडतात, आणि उसनवारी शिकता येते, ही त्यातली चांगली बातमी.

शिकता येते, पण आपोआप येत नाही. मेरी गिक आणि कीथ होलिओक या दोन मानसशास्त्रज्ञांनी १९८० साली प्रसिद्ध केलेले प्रयोग या बाबतीत डोळे उघडणारे आहेत. त्यांनी विद्यार्थ्यांना एक कोडं घातलं. रुग्णाच्या पोटात गाठ आहे. शस्त्रक्रिया करता येत नाही. एका प्रकारच्या किरणांनी गाठ मरते, पण तेवढ्या तीव्रतेचे किरण सोडले तर वाटेतल्या निरोगी पेशीही मरतात. तीव्रता कमी केली तर गाठीला काही होत नाही. काय करावं? नुसतं कोडं घातलं तेव्हा दहांतल्या एखाद्यालाच उत्तर आलं. मग काही जणांना आधी एक युद्धाची गोष्ट वाचायला दिली. एक किल्ला, त्याकडे जाणारे अनेक रस्ते, प्रत्येक रस्त्यात सुरुंग पेरलेले. लहान तुकडी सुखरूप जाते, मोठी फौज गेली की स्फोट होतो. सेनापती फौजेच्या लहान तुकड्या करतो, वेगवेगळ्या रस्त्यांनी एकाच वेळी पाठवतो आणि किल्ला घेतो.

वाचकाच्या ध्यानात आलंच असेल. कमी तीव्रतेचे किरण अनेक बाजूंनी सोडायचे आणि ते नेमके गाठीवर एकत्र आणायचे. पण गंमत पुढेच आहे. गोष्ट वाचून लगेच कोडं सोडवायला बसलेल्यांपैकीही साधारण एक तृतीयांश लोकांनाच दोन्हींची सांगड घालता आली. ‘मघाच्या गोष्टीचा उपयोग होतो का बघा,’ एवढं म्हटल्यावर हा आकडा तीन चतुर्थांशांपर्यंत गेला. उत्तर त्यांच्याजवळच होतं, दोन मिनिटांपूर्वीच वाचलेलं. काखेत कळसा आणि गावाला वळसा, याचं प्रयोगशाळेतलं याहून चोख उदाहरण मिळणार नाही.

म्हणजे गरज नव्या माहितीची नसते. ‘हे असंच दुसरीकडे कुठे पाहिलंय?’ हा प्रश्न मुद्दाम, सवयीने विचारण्याची असते. आणि तो विचारताना आपल्या अडचणीवरचे धंद्याचे कपडे उतरवावे लागतात. ‘मोतीबिंदूच्या शस्त्रक्रिया कशा वाढवू?’ असं म्हटलं तर माणूस दुसऱ्या हॉस्पिटलात जाऊन बघतो. ‘महागड्या माणसाचा वेळ वाया न घालवता तेच काम पुन्हा पुन्हा, सारख्या दर्जाचं कसं करू?’ असं म्हटलं की हॉटेल दिसतं, कारखाना दिसतो, पंगतीला वाढणारी मंडळीसुद्धा दिसतात.

जयपूरच्या सवाई मानसिंह रुग्णालयात १९६०च्या दशकाच्या शेवटी असंच घडलं. पाय गमावलेल्या माणसांना तेव्हा परदेशी धाटणीचं कृत्रिम पाऊल मिळायचं. ते बुटात घालायचं. अनवाणी चालणारा, चिखलात उतरणारा, जमिनीवर मांडी घालणारा, उकिडवा बसणारा आपला शेतकरी ते चार दिवस वापरायचा आणि कोपऱ्यात टाकून पुन्हा कुबड्या घ्यायचा. अस्थिरोगतज्ज्ञ डॉ. प्रमोद करण सेठी यांना हे दिसत होतं. त्याच रुग्णालयात रामचंद्र शर्मा नावाचे कारागीर होते. शाळा जेमतेम झालेली, हातात मात्र कला. सायकल पंक्चर झाली म्हणून ते टायरच्या दुकानात गेले आणि तिथे टायरवर नवं रबर चढवण्याचं काम पाहत उभे राहिले, असं सांगतात. मऊ रबर साच्यात घालून तापवलं की टिकाऊ होतं, वाकतं, पाण्याने बिघडत नाही. मग पाऊल का नाही?

पहिलं पाऊल नुसतं भरीव रबराचं, जड आणि ताठर झालं. मग आतला भाग स्पंजासारख्या रबराचा केला, थोडं लाकूड घातलं, वरून टायरच्या जातीचं रबर चढवलं. असं करत करत जे तयार झालं ते ‘जयपूर फूट’. ते घालून माणूस उकिडवा बसू शकतो, झाडावर चढू शकतो, बुटाशिवाय चालू शकतो. सेठींना १९८१ मध्ये मॅगसेसे पुरस्कार मिळाला. एक गोष्ट इथे नजरेआड होता कामा नये. डॉक्टरांना शरीर कळत होतं, कारागिराला साचा कळत होता, आणि टायरवाल्याला रबर. तिघांपैकी एकट्या कुणालाही हे पाऊल जमलं नसतं. मोठ्या संस्थांमध्ये अशा तीन माणसांची गाठ पडणं दुर्मीळ, कारण त्यांचे चहाचे टेबलसुद्धा वेगळे असतात.

टोयोटाचे तैइची ओनो यांनी सुट्या भागांच्या साठ्याची डोकेदुखी अमेरिकन सुपरमार्केटकडे पाहून सोडवली, ही गोष्ट व्यवस्थापनाच्या प्रत्येक वर्गात सांगतात. गिऱ्हाईक फळीवरून जेवढं उचलतं तेवढंच दुकानदार पुन्हा भरतो. तसं पुढच्या कामगाराने जेवढे भाग उचलले तेवढेच मागच्याने बनवायचे. मोटारीच्या कारखान्याने वाणसामानाच्या दुकानाकडून धडा घ्यावा, यात ओनोंना कमीपणा वाटला नाही.

आता आपल्याकडच्या कचेऱ्यांत कल्पना कशा शोधतात ते पाहू. दहाबारा जणांना एका खोलीत बसवतात, फळ्यापाशी रंगीत पेनं ठेवतात, सामोसे मागवतात आणि सांगतात, ‘सुचेल ते बोला, कुणी कुणाला नावं ठेवायची नाहीत.’ या प्रकाराचे जनक अ‍ॅलेक्स ऑस्बॉर्न हे न्यूयॉर्कच्या एका बड्या जाहिरात संस्थेचे भागीदार. १९४८ साली त्यांनी पुस्तकातून तो जगापुढे मांडला आणि ब्रेनस्टॉर्मिंग हा शब्द कंपन्यांनी डोक्यावर घेतला. दहाच वर्षांनी, १९५८ मध्ये, येल विद्यापीठात त्याची परीक्षा झाली. चारचार जणांचे गट एकीकडे, आणि एकेकटे बसून विचार करणारे तितकेच लोक दुसरीकडे. एकट्यांच्या कल्पना चौघाचौघांच्या हिशेबाने एकत्र केल्या, एकसारख्या वगळल्या, आणि मोजल्या. एकट्यांच्या कल्पना जवळपास दुप्पट निघाल्या. नंतरही अनेकांनी हे तपासलं, निकाल तोच.

कारण अगदी साधं आहे. एका वेळी एकच जण बोलतो. बाकीचे आपला मुद्दा विसरू नये म्हणून घोकत बसतात, किंवा दुसऱ्याचं ऐकता ऐकता आपला सोडून देतात. १९८७ मध्ये जर्मनीतल्या डील आणि श्ट्रोएबे या संशोधकांनी दाखवलं की माणसं लाजतात किंवा अंगचोरपणा करतात त्यापेक्षा हे रांगेत थांबणंच जास्त नडतं. त्यात आपल्याकडे साहेब पहिल्यांदा बोलले की पुढची सगळी मंडळी ‘सरांच्या मुद्द्याला धरूनच’ बोलतात, याची मोजदाद येलमध्ये कुणी केली नव्हती. बैठक वाईट नाही. पण आधी प्रत्येकाने आपापल्या जागी, कागदावर, एकट्याने लिहावं. मग एकत्र येऊन निवडावं, जोडावं, भांडावं. आणि सर्वांत वरच्या खुर्चीने शेवटी बोलावं. याला खर्च शून्य. तरी तो नियम पाळणाऱ्या कचेऱ्या शोधाव्या लागतात.

‘चांगली कल्पना द्या, बक्षीस मिळवा’ या फलकाचीही अशीच झडती घेतलेली आहे. कार्ल डुंकर या जर्मन मानसशास्त्रज्ञाचं एक जुनं कोडं आहे. टेबलावर मेणबत्ती, काडेपेटी आणि टाचण्यांनी भरलेली डबी ठेवायची. मेण खाली न सांडता मेणबत्ती भिंतीवर लावून दाखवायची. लोक मेणबत्तीच टाचायला जातात, नाहीतर वितळलेल्या मेणाने चिकटवायला. उत्तर असं की डबी रिकामी करायची, तीच भिंतीवर टाचायची आणि तिच्यात मेणबत्ती उभी करायची. टाचण्या भरलेल्या असल्या की डबी ही टाचण्यांची डबी म्हणूनच दिसते. तिचा दुसरा उपयोग डोळ्यांआड होतो. १९६२ मध्ये सॅम ग्लक्सबर्ग यांनी काही जणांना हेच कोडं लवकर सोडवल्यास पैसे देऊ म्हणून सांगितलं. त्यांना उलट सरासरी तीन-साडेतीन मिनिटं जास्त लागली. टाचण्या डबीबाहेर काढून ठेवल्या, कोडं सोपं केलं, तेव्हा मात्र पैसेवाले पुढे गेले. वाट ठरलेली असेल तर आमिषाने पाय उचलतो. वाटच शोधायची असेल तर आमिषाने मान फक्त समोर राहते.

सगळ्याच गोष्टी उसन्या आणता येत नाहीत. काही डोळ्यांपुढेच असतात, आणि तिथे लागतं ते निव्वळ लक्ष.

चंद्रपूर जिल्ह्यातल्या नागभीड तालुक्यात नांदेड नावाचं एक गाव आहे. तिथले दादाजी खोब्रागडे शाळेत फार शिकलेले नव्हते, जमीनही थोडकीच. १९८३च्या सुमारास ‘पटेल-३’ जातीच्या धानाच्या शेतात त्यांना काही वेगळ्या, पिवळसर छटेच्या लोंब्या दिसल्या. धानात भेसळीचं रोप उगवतं, ते उपटून टाकायचं, ही शेतकऱ्याची रोजची रीत. दादाजींनी त्या लोंब्या बाजूला काढल्या, पिशवीत जपून ठेवल्या आणि पुढच्या हंगामात शेतात वेगळ्या लावल्या. पुन्हा निवडल्या, पुन्हा लावल्या. रानडुकरांपासून राखणं, इतर धानात मिसळू न देणं, शिजवून चव पाहणं असा हा काही वर्षांचा उद्योग. तांदूळ बारीक निघाला, उतारा चांगला निघाला. बियाणं आजूबाजूला पसरलं, आणि त्या काळी एचएमटीची घड्याळं लोकांच्या मनगटावर मिरवत होती म्हणून बाजाराने त्या तांदळाला एचएमटी हेच नाव दिलं.

दादाजींनी पुढे आणखीही वाणं काढली. २००५ मध्ये नॅशनल इनोव्हेशन फाउंडेशनचा पुरस्कार त्यांना राष्ट्रपती अब्दुल कलामांच्या हस्ते मिळाला. पैशाची ओढाताण मात्र २०१८ मध्ये मरण येईपर्यंत सुटली नाही. आपल्या माणसांनी काही नवं करावं असं ज्या मालकाला वाटतं, त्याने दादाजींच्या आयुष्याचा हा भाग आधी वाचावा. ज्याची कल्पना त्याच्या हाती काहीच लागत नाही, हे एकदा दिसलं की शेजारचा दुसरा कामगार लोंबी उपटून फेकून देतो आणि गप्प बसतो. टोयोटाने कामगारांच्या सूचना मागवण्याची पद्धत १९५१ पासून चालवली आहे. तीही अमेरिकेतल्या फोर्डकडून उसनी आणलेली. ती टिकली, कारण सूचना छोटी असली तरी तिची दखल घेतली जाते. आपल्याकडे बहुतेक कार्यालयांतल्या सूचनापेटीची किल्ली कुणाकडे आहे, हेच कुणाला सांगता येत नाही.

सुचलेलं गळी उतरवणं हे तर सुचण्याहून अवघड, आणि त्याबाबतीत लक्ष्मणराव किर्लोस्करांइतका भक्कम दाखला मराठी माणसाला दुसरा लागू नये. मुंबईच्या जे. जे. कला शाळेत चित्रकला शिकायला गेलेल्या या तरुणाला रंगांमधला फरकच नीट कळत नाही, असं निघालं. चित्रकला सुटली. यंत्रांची रेखाचित्रं काढायला रंग लागत नव्हते, म्हणून तो तिकडे वळला आणि व्हीजेटीआयमध्ये शिकवू लागला. बढती डावलली गेली तेव्हा नोकरी सोडून बेळगावात सायकली विकण्या-दुरुस्त करण्याचं दुकान थाटलं. रेखाचित्र डोक्यात, सायकलीची दुरुस्ती हातात, आणि दुकानाबाहेर बैलगाडीतून येणारा शेतकरी डोळ्यांपुढे. कडबा कापण्याचं यंत्र आणि लोखंडी नांगर हे या तिन्हींच्या मेळातून आले.

नांगर कुणी घेईना. लोखंडाने जमिनीत विष भिनेल, अशी शेतकऱ्यांची समजूत होती. लाकडी नांगराने बापजाद्यांची शेती झाली होती, आणि हा माणूस आला होता सायकलच्या दुकानातून. सुमारे दोन वर्षं नांगर पडून राहिले. या दोन वर्षांत लक्ष्मणरावांनी शेतकऱ्याला अडाणी ठरवलं नाही. भीती काय आहे ते समजून घेतलं, शेतात नेऊन नांगर चालवून दाखवला, एकाने घेतला की त्याचं पाहून दुसरा आला. बेळगावची जागा सोडावी लागली तेव्हा औंधचे संस्थानिक बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी कुंडलजवळचा माळ आणि कर्ज देऊ केलं. १९१० मध्ये निवडुंग आणि सापांनी भरलेल्या त्या माळावर किर्लोस्करवाडी उभी राहिली. पहिल्या महायुद्धात लोखंड मिळेनासं झालं, तशी वाडीने वेगवेगळ्या वस्तू करून पाहिल्या.

याच वाडीत १९२० साली ‘किर्लोस्कर खबर’ निघालं. लक्ष्मणरावांचे पुतणे शं. वा. किर्लोस्कर ते चालवत. कारखान्यातला माल आणि त्याची माहिती लोकांपर्यंत नेणारं हे पत्र. पण शंवा चित्रंही काढत, लिहीतही, आणि नांगराच्या जाहिरातीला जागा देऊनही पानं उरत होती. त्यांत लेख आले, गोष्टी आल्या, सामाजिक वाद आले. कारखान्याचं माहितीपत्र पुढे ‘किर्लोस्कर’ मासिक झालं. १९३० मध्ये त्याच्या जोडीला ‘स्त्री’ आलं, १९३४ मध्ये ‘मनोहर’. मराठी घराघरांत ज्यांच्या अंकांची वाट पाहिली जायची, ती मासिकं शेतीची अवजारं विकणाऱ्या कारखान्यातून निघत होती.